परबाच्या काड्या

परब तळ्याकाठी पालथा पडलेला असतो. मुलुंडच्या आमच्या एवढ्याशा बागेत सत्तरीचा माणूस असा पोटावर दिसला की नवखा कुणीतरी पाण्याची बाटली घेऊन धावतो. परब मानही वळवत नाही. "हलू नको! बसलोहा तो."

तो म्हणजे चतुर. आमची नातवंडं ज्याला हेलिकॉप्टर म्हणतात. चतुराची सुईसारखी बारीक चुलत बहीण म्हणजे टाचणी. ती दिसली तर परब चपला काढून मगच पुढे सरकतो.

चतुर उडाला तरी फिरून त्याच टोकावर येऊन बसतो. म्हणून परबाने काठावरच्या चिखलात जळून गेलेल्या उदबत्त्यांच्या काड्या खोचल्या. रोज एक नवी. फिरायला येणाऱ्या मंडळींनी ठरवलं, ही करणी. कुणीतरी उतारा म्हणून तिथे लिंबू ठेवलं. परबाने ते सरबताला घरी नेलं. मग तर कुणाला शंकाच उरली नाही.

बागेच्या समितीचा सचिव मी. परबाला गाठलं.

"अरे, लोक घाबरतात ना!"

"चतुर डास खातत. लोक माझां डोक्यां खातत."

"काड्या काढ."

"काढूचंय नाय. काय करतलंस?"

काय केलं ते आज लिहून टाकतो, कारण आळ अजून बिचाऱ्या माळ्यावर आहे. दुसऱ्या सकाळी सगळ्या काड्या मी उपटल्या.

परब आला. एक लाल चतुर रिकाम्या जागेवर घिरट्या घालत होता. परब पालथा पडला आणि काडीच्या जागी आपलं बोट उभं धरलं. बोट हलू नये म्हणून दुसऱ्या हाताने मनगट आवळलं.

चतुर बसला.

"घरकारीण गेल्यापासून तिच्या फोटोफुडे रोज एक उदबत्ती लावतंय," माझ्याकडे न बघता तो हळूच म्हणाला. "विझली की काडी टाकूक जीव होणा नाय. हयसर खोचली की तिच्यार कोणतरी येऊन बसता."

आता आमच्या देवघरातली काडीही तळ्यावरच जाते. मी स्वतः खोचतो, भर सकाळी, सगळ्यांच्या देखत. परवा एका बाईंनी हटकलं, "काका, तुम्ही पण?"

म्हटलं, "हो, मी पण. आणि लिंबं आता दोन ठेवा. सरबताला आम्ही दोघं असतो."