जहाजाने गवत का खाल्ले?

मद्रास राज्यातील मुलांना इंग्रजी वाचता येते, परंतु वाचलेले समजत नाही, ही गोष्ट १९५८ साली इंग्रजी आकलन मंडळाच्या लक्षात आली. मंडळाची स्थापनाच त्या वर्षी झाली असल्यामुळे लक्षात यायला उशीर झाला असे कोणी म्हणू शकत नव्हते. मंडळाने ठराव केला की, आठवीच्या सरकारी परीक्षेत यापुढे मुलांना पूर्वी न पाहिलेला उतारा द्यावा, त्याखाली प्रश्न द्यावेत आणि समजण्याला गुण द्यावेत.

मद्रास शहरातल्या तिरुवल्लिकेणीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवणारे भीमसेनराव हे वाचून इतके हरखले की त्या दिवशी त्यांनी कॉफीत साखर दोनदा घातली. ते मूळचे तंजावरकडचे, निवृत्तीला टेकलेले. वर्गात गोष्ट वाचताना ते मध्येच थांबत, चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "हा कोल्हा असं का बोलला असेल? खोटं तर बोलत नाही ना?" मग मुले आपसांत कडाकडा भांडत, आणि भांडता भांडता इंग्रजी त्यांना कधी समजू लागले हे कोणालाच कळत नसे. मात्र एक पान उलटायला आठवडा लागे.

हेडमास्तर राघोत्तमरावांची अडचण नेमकी तीच होती. "भीमसेनराव, समजण्याला माझी काही हरकत नाही," ते म्हणाले, "पण ते मार्चच्या आत उरकलं पाहिजे."

मंडळालाही ही निकड जाणवली असावी. लवकरच सर्व शाळांना परिपत्रक आले. त्यात 'अंगुलिनिर्देश पद्धती' सांगितली होती. विद्यार्थ्याने प्रथम प्रश्न पाहावा. त्यातला ठळक शब्द हेरावा. मग उताऱ्यावरून बोट फिरवत न्यावे, तो शब्द भेटेल तिथे थांबावे आणि ते वाक्य मोठ्या अक्षरापासून पूर्णविरामापर्यंत उतरवून काढावे. उतारा वाचण्यात वेळ दवडू नये. थोड्याच दिवसांत गावातल्या वर्गावर्गांतून मुले माना खाली घालून, सुपातले खडे निवडावेत तशी बोटे फिरवू लागली. तपासनीस आले, त्यांनी फिरणारी बोटे पाहिली आणि शेरा लिहिला : 'आकलन समाधानकारक.'

भीमसेनरावांच्या वर्गात तुळसी नावाची मुलगी होती. बंदराच्या कचेरीतले कारकून सुब्बाराव यांची ही लेक. तिला एक खोड लागली होती : ती आधी उतारा वाचायची. खोड अर्थातच भीमसेनरावांनी लावलेली होती.

परीक्षा आली. मंडळाने दोन उतारे तयार ठेवले होते, एक शेतकऱ्याच्या बैलाचा आणि दुसरा बंदरातल्या जहाजाचा. छापखान्यात दोन्हींच्या ओळी एकमेकींत मिसळल्या. मुलांच्या हाती जो उतारा पडला त्याचा मथितार्थ असा : कंदस्वामीचे जहाज चिंचेच्या झाडाखाली उभे होते. पहाटे ते हंबरले. रात्रभर उपाशी असल्यामुळे जहाजाने गवत खाल्ले. मग बैलाने मोठी शिट्टी वाजवली आणि तीनशे उतारू घेऊन तो कोलंबोला निघाला.

खाली प्रश्न होते. जहाजाने गवत का खाल्ले? बैलात किती उतारू होते?

बोटे फिरली. राज्याचा निकाल असा लागला की मंडळाच्या अध्यक्षांना हार घालण्यात आले. नापासांत एकटी तुळसी होती. तिने उत्तरपत्रिकेत लिहिले होते : 'जहाज गवत खात नाही. मी बंदरात जहाजे पाहिली आहेत. या उताऱ्यात काहीतरी चुकले आहे.' तीन वाक्ये, तिन्ही शुद्ध इंग्रजीत. गुण शून्य.

सुब्बाराव त्याच संध्याकाळी भीमसेनरावांच्या ओट्यावर येऊन बसले. "सार, पोर हुशार म्हणून शिकवीत होतो. इंग्रजीत शून्य! आता बास. घरी आईबरोबर वडाम-पापड वाळत घालील. त्याला काही इंग्रजी लागत नाही."

"अहो, पण ती म्हणते ते खरं आहे! तुम्ही रोज बंदरावर जाता. जहाज कधी गवत खातं का?"

सुब्बाराव जरा घुटमळले. "मी पाहिलं नाही. पण सरकारी पेपरात आलंय, तर खात असेल की. परदेशी जहाजाचं आपल्याला काय कळतं?"

भीमसेनराव दुसऱ्याच दिवशी धुतलेले धोतर आणि ठेवणीतला कोट घालून अड्यारला मंडळाच्या कचेरीत गेले. आकलन अधिकारी रामस्वामी यांनी अगत्याने खुर्ची दिली आणि आदर्श उत्तरे काढून पाहिली.

"जहाजाने गवत खाल्ले, असे उताऱ्यात आहे की नाही?"

"आहे. पण साहेब, जहाज गवत खात नाही!"

"मिस्टर राव, ते सामान्यज्ञान झालं. हा इंग्रजीचा पेपर आहे. इथे सामान्यज्ञानाला गुण नाहीत."

"पण समजण्याला आहेत ना?"

"अर्थात! ज्यांना समजलं त्यांनी बरोबर लिहिलंय. सगळ्या राज्याला समजलं आणि तुमच्या एका मुलीला समजलं नाही." रामस्वामींनी आवाज खाली आणला. "बरं, तिचं बरोबर धरलं तर बाकीचे सगळे नापास होतील. अध्यक्षांच्या गळ्यातले हार परत घ्यायचे का?"

तरीही मंडळ दयाळू होते. एका मुलीवर अन्याय नको म्हणून तिला फेरपरीक्षा देण्यात आली; आणि नव्या उताऱ्याने ती गोंधळू नये म्हणून उतारा तोच ठेवण्यात आला.

तुळसी पास झाली तर शाळा चालू, नाहीतर वडाम. भीमसेनराव तिला घेऊन मरिनाच्या वाळूवर गेले. सुंडलवाल्याकडून उकडलेल्या हरभऱ्यांच्या दोन पुड्या घेतल्या. समोर समुद्रात सूर्य बुडत होता, पाण्यावर तांबूस पट्टा पडला होता. जन्मभर मुलांना 'थांब, विचार कर' म्हणणाऱ्या माणसाला आज उलटे शिकवायचे होते.

"थांबायचं नाही, तुळसी. बोट फिरव. शब्द दिसला की उतरव."

"सार, पण जहाज..."

"नक्को, जहाजाकडे बघायचंच नाही. अक्षरं तेवढी बघ."

"म्हणजे ते उपाशी होतं म्हणून लिहू?"

"पूर्ण वाक्य लिही."

तुळसीने पुडीतला शेवटचा हरभरा तोंडात टाकला. "आणि लिहिताना हसू आलं तर?"

"ते परीक्षेनंतर," भीमसेनराव म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

तुळसीला पूर्ण गुण मिळाले. मंडळाने तिची उत्तरपत्रिका 'आकलनातील प्रगतीचा नमुना' म्हणून शाळाशाळांत फिरवली. राघोत्तमरावांनी तिचे कौतुक केले. सुब्बारावांनी म्हैसूरपाक वाटला आणि प्रत्येकाला सांगितले, "खातं हो गवत. आमच्या तुळसीलाही शेवटी पटलं."

भीमसेनरावांच्या घशाखाली तो म्हैसूरपाक उतरेना. पोर वर्गात आता पहिली बसायची. बोट सर्वांच्या आधी फिरायचे, हात सर्वांच्या आधी वर जायचा आणि प्रश्न मात्र ती एकही विचारत नसे. शाळा वाचली, पण पोरीत जे वाचवायचे होते ते राहिले आहे की नाही, याचा त्यांना घोर लागला. हे कोणत्याही परीक्षेत कळण्यासारखे नव्हते. म्हणून त्यांनी स्वतःच एक परीक्षा घेतली.

एका कागदावर त्यांनी इंग्रजीत छोटा उतारा लिहिला. त्या संध्याकाळचेच वर्णन होते : वाळू, सुंडल, म्हातारा मास्तर आणि मुलगी. 'समोर समुद्रात सूर्य बुडत होता.' खाली एकच प्रश्न : सूर्य कोठे बुडत होता?

शाळा सुटल्यावर त्यांनी तो तुळसीपुढे ठेवला. तिचे बोट सरसर निघाले. 'सूर्य' शब्दावर आले. भीमसेनरावांनी डोळे मिटून घेतले. लेखणीची कुरकुर ऐकू येईल म्हणून वाट पाहत राहिले.

ती आली नाही.

"अय्यो, सार!" तुळसी म्हणाली. "हे काय लिहिलंत? समुद्र तर पूर्वेला! आपल्याकडे सूर्य समुद्रातून वर येतो. त्या दिवशी तो आपल्या पाठीमागे गेला, देवळाच्या गोपुरापलीकडे. तुमची सावली माझ्यावर पडली होती ना! तुमच्या सावलीत बसून मी सुंडल खाल्लं." मग तिने त्यांच्याकडे संशयाने पाहिले. "का मंडळाचा उतारा आहे हा? तसं असेल तर लिहिते समुद्रात."

"लिहू नकोस," भीमसेनराव कसेबसे म्हणाले. त्यांनी लाल पेन्सिल काढली आणि कागदावर इतके गोल, इतके सुबक शून्य काढले की नोकरीतल्या सगळ्या वर्षांत त्यांनी तसे कोणाला दिले नव्हते. तुळसीने ते घडी करून जपून दप्तरात ठेवले.

आता राहिला वाचकांचा निकाल. वर मरिनाच्या वाळूवर सूर्य समुद्रात बुडाला तेव्हा ज्यांचे बोट जरासुद्धा अडखळले नाही, त्यांनी पूर्ण गुण घ्यावेत. आकलन समाधानकारक आहे.