एका वाडग्यातली भावंडं

शनिवारी दुपारी चाखूने एक छोटासा निर्णय घेतला, किडे घरी न्यायचा. छोटे निर्णय तापत ठेवलेल्या दुधासारखे असतात. समोर उभं असेपर्यंत गप्प, पाठ फिरली की उतू.

चाखू संग्रहालयाच्या कीटक विभागात मदतनीस होता. (हे त्याचं कागदावरचं नाव नव्हे. 'जरा चाखून बघतो' म्हणत दुसऱ्याचं निम्मं ताट साफ करायची त्याला लहानपणापासून खोड. चाळिशी उलटली तरी खोडही सुटली नाही आणि नावही.) विभागात सोमवारी जाळीपंखी कीटकांचं प्रदर्शन उघडायचं होतं. विभागप्रमुख बाई या घराण्याबद्दल माहेरच्या माणसांसारख्या भरभरून बोलत. घराणं जुनं, पृथ्वीवर पहिलं फूल उमलायच्याही आधीचं. गोतावळा जगभर पसरलेला. एक चुलतभाऊ वाळूत खड्डा करून मुंगी घसरायची वाट बघणारा, दुसरा घुबडासारखे डोळे वटारणारा, तिसऱ्याचे पुढचे पाय दुसऱ्याच कुणाकडून उसने आणल्यासारखे. मोठेपणी तऱ्हा हजार, पण लहानपणी सगळ्यांचे जबडे तेच: विळ्यासारखे वाकडे, आतून पोकळ. भक्ष्यात खुपसायचे आणि शहाळं प्यावं तसं ओढून घ्यायचं.

विभागात रंगकाम निघालं होतं, तेव्हा प्रदर्शनातल्या जिवंत अळ्या दोन दिवस कुणीतरी सांभाळायच्या होत्या. चाखू पुढे झाला तो कीटकप्रेमाने नव्हे. जिवंत प्राण्यांची देखभाल ज्याच्याकडे जाईल, त्याला आवारातलं दोन खोल्यांचं क्वार्टर मिळणार होतं. घरात आई, दादा, वहिनी, पुतणी, चाखू, त्याची बायको आणि सगळ्यांत मिळून एक न्हाणीघर. दोन खोल्या म्हणजे त्याला राजवाडाच. अडचण एकच होती, आईला सांगायचं कुणी? एक घर, एक चूल हे आईचं ब्रीद. चाखूने सांगायला म्हणून कितीदा तोंड उघडलं, पण तोंड उघडलेलं दिसलं की आई त्यात काहीतरी खायला घाली आणि विषय तिथेच गिळला जाई.

बायको शिवणकाम करायची. तिचा बटणांचा खणाखणांचा डबा चाखूने रिकामा केला, एकेका खणात एकेक अळी ठेवली आणि गुलाबावरची माव्याची कीड खरवडून प्रत्येकीला वाढली. आई चष्मा सावरत वाकली.

"ही एकमेकांची कुणी लागतात का रे?"

"सगळी भावंडं. एकाच आईची," चाखू अभिमानाने म्हणाला. आणखी एक वाक्य त्याच्या ओठांवर आलं होतं, पण आई उगाच घाबरेल म्हणून त्याने ते आवरलं. (आयुष्यात त्याने आवरलेली ही पहिलीच गोष्ट. तीही नेमकी नको ती.)

रविवारी मित्राकडे जातो म्हणून सांगून नवराबायको क्वार्टरच्या खिडक्या मोजायला गेले. परत येतात तो बटणांचा डबा धुऊन पुसून जागच्या जागी आणि बटणं आपापल्या खणांत. टेबलावर काचेचा वाडगा, तोंडाला मलमलीचं फडकं बांधलेलं.

"भावंडं अशी वेगवेगळी कोंडतात का कुठे?" आई म्हणाली. "जीव कासावीस झाला माझा. केली सगळी एकत्र. आता बघ कशी निवांत आहेत."

निवांत खरीच होती. वाडग्यात एकच अळी होती. पोट तट्ट, चाल सुस्त, आणि पाठीवर कसलासा ढिगारा.

"आई, बाकीची कुठायत?"

"असतील तिच्या मागे."

मागे नव्हती, वर होती. या जातीच्या अळीला खाल्लेल्याची सालपटं पाठीवर रचून मिरवायची सवय असते. चाखूने हे सांगितलं तेव्हा आईने चष्मा काढून ठेवला. चाखूच्या डोळ्यांपुढून क्वार्टर खिडक्यांसकट निघून गेलं. आता गमावण्यासारखं काही उरलं नाही म्हटल्यावर माणसाला जी हिंमत येते ती त्याला आली आणि जेवताना तो सगळं बोलून बसला, क्वार्टरसुद्धा.

"त्यांच्या आईला पोरांची खोड ठाऊक असते," तो म्हणाला. "ती अंडं पानावर ठेवतच नाही. प्रत्येक अंड्याला केसासारखा वेगळा देठ काढते, अंडं त्याच्या टोकावर. आधी जन्मेल त्याने शेजारच्याला खाऊ नये म्हणून. आई, माया टिकायची तर वेगळंच राहावं."

पुतणी घास हातात धरून ऐकत होती. आई ताटातला भात नुसता चिवडत होती. तिचं दुःख चाखूला बघवेना, म्हणून त्याने दादाच्या ताटातली बटाट्याची फोड उचलली.

सोमवारी घाबरत घाबरत त्याने वाडगा बाईंपुढे ठेवला. बाई खूश झाल्या. भावंडांना पाठीवर घेतलेली अळी. लोकांना आता वेगळं काही समजवायलाच नको, म्हणाल्या, आणि क्वार्टरची किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

चाखू तरंगतच घरी आला. दारात सामान बांधून तयार होतं. एक ट्रंक, एक गादी, एक ताट, एक पेला.

"एकच पेला?"

"तुझं म्हणणं पटलं मला," आई शांतपणे म्हणाली. "खाणारं पोर वेगळं ठेवावं. उगाच बाकीच्यांना त्रास नको."

"आणि ही?" चाखूने बायकोकडे बोट केलं.

"ती कुणाचं काय खाते?"

त्याने आशेने बायकोकडे पाहिलं. ती बटण लावत होती. "पडदे देते हो शिवून," मान वर न करता ती म्हणाली. "रविवारी जेवायला येत जा. येताना डबा घेऊन या."

दादा आपलं ताट जरा जवळ ओढून निश्चिंतपणे जेवू लागला. चाखूने ट्रंक उचलली. जाता जाता त्याचा मोकळा हात सवयीने पुतणीच्या ताटाकडे वळला. तिने चटकन आपलं उकडलेलं अंडं काट्याच्या टोकाला टोचलं, खुर्चीवर चढली आणि काटा डोक्यावर उंच धरून उभी राहिली.