दारावरची पकाया

पकायाची पानं कापावीत तर मीच! उगाच नाही सांगत. हा बुटका ताड आमच्या कोबानच्या डोंगरात मोठ्या झाडांच्या सावलीत कुठेही उगवतो. पण माझ्या वेलचीच्या मळ्यातल्या पकायाची बात वेगळी. पान न् पान तेल चोपडल्यासारखं!

त्या रविवारी पलीकडच्या वाडीतले तिबुर्सियो आपल्या मुलासाठी आमच्या सोइलाला मागणी घालायला येणार होते. पोरीचा जीव त्या मुलावर जडलेला. आणि आमच्या दाराची चौकट वाळवीने पोखरलेली!

"अहो, सुतार बोलवा ना," बायको ओदिलिया आठवडाभर कानीकपाळी ओरडत होती.

"सुतार कशाला? मी मेलोय का?"

सकाळीच भारा भरून पकाया कापली आणि चौकट वरपासून खालपर्यंत झाकून टाकली. काय दिसत होतं दार! वाळवीलाही परकं वाटलं असेल.

आता, दाराला पकाया बांधली की त्या घरी कार्य आहे, हे आमच्याकडे शेंबडं पोरही ओळखतं. वेगळं आमंत्रण लागत नाही. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही हो, पण त्या दिवशी माझ्या डोक्यात वाळवीशिवाय काही उरलंच नव्हतं!

पहिली आली शेजारची फिदेलिया, काखेत जिवंत टर्की घेऊन.

"भाऊजी, पोरीचं लग्न चोरून उरकताय होय?"

"अहो वहिनी, लग्न नाही!"

"मग ही पकाया काय बकऱ्यांसाठी टांगलीत?"

तिच्या मागोमाग पानात गुंडाळून उकडलेल्या मक्याच्या तमालेच्या टोपल्या आल्या, मक्याची दारू आली, आणि चौघे गडी चक्क लाकडी पट्ट्यांचा भलामोठा मरिंबा उचलून आले! समजावता समजावता माझा घसा बसला. दारी आलेल्याला हाकलायचं तरी कसं? त्यांनी अंगणात वाजवायला सुरुवात केली, म्हाताऱ्या नाचायला लागल्या, आणि ओदिलिया माझ्याकडे असं बघत होती की मी टर्कीच्या मागे जाऊन उभा राहिलो.

तेवढ्यात सोइला किंचाळली, "पपा! ते परत चाललेत!"

तिबुर्सियो वळणावरूनच माघारी फिरले होते. दाराला पकाया, अंगणात मरिंबा, म्हणजे पोरगी दुसऱ्याला दिली, असंच कुणालाही वाटणार! सोइला रडायला लागली.

आमच्यात मुलीच्या बापाने पहिल्या दोन खेपांना नाहीच म्हणायचं असतं. तसा मान असतो त्याचा. मी तर कपाळाला आठ्या घालून बसायचा सरावही केला होता. पण कुठला मान आणि कुठलं काय! अनवाणी, चिखल तुडवत धावलो आणि ओरडलो, "थांबा! दिली! मुलगी तुम्हालाच दिली! पाहिजे तर आजच न्या!"

तिबुर्सियो थांबले. आधी त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग माझ्या गुडघ्यापर्यंतच्या चिखलाकडे पाहिलं. मिशी जराशी हलली.

"आम्ही तर अजून मागितलीच नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "एवढी घाई बरी नव्हे. विचार करावा लागेल. पुढच्या रविवारी आमच्याकडे या, बघू."

गेलो. ओदिलियाला घेऊन, अंघोळ करून, नवी टोपी घालून गेलो.

नाही म्हणाले हो!