जागा लहान आहे

तिकिटं दोन होती आणि ती फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावलेली होती. त्यामुळे गेले तीन आठवडे पियानो ट्यूनरला नुसतं दूध काढायचं म्हटलं तरी आधी खर्च दिसायचा.

"एवढ्या पैशांत क्लबचा पियानो सात वेळा लावून होतो," तो म्हणाला.

"मग लावा सात वेळा," बायको म्हणाली. "बावीस वर्षं लावताय. एकदा तरी ऐकलात का?"

ऐकला नव्हता. जॅझ क्लब तळघरात होता आणि त्यात अठ्ठेचाळीस खुर्च्या होत्या. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तीनला ट्यूनर मागच्या दाराने आत शिरायचा, रिकाम्या बाटल्यांचे क्रेट ओलांडायचा, दोन तास तारा पिळायचा, झाकण लावायचा आणि घरी यायचा. खुर्च्या त्याने नेहमी टेबलांवर उलट्या ठेवलेल्याच पाहिल्या होत्या. भिंतीवर ज्या थोरामोठ्यांच्या तसबिरी होत्या, त्या सगळ्यांसाठी त्याने पियानो लावला होता. ऐकलं एकालाही नव्हतं, कारण तिकीट.

तिकीट एवढं का, हे त्याने फार वर्षांपूर्वी मालकाला विचारलं होतं. "जागा लहान आहे हो," मालक म्हणाला होता. "अठ्ठेचाळीस खुर्च्यांतून एवढ्या मोठ्या कलावंताचं मानधन काढायचं. खुर्ची महागच पडणार." ट्यूनरला पटलं. पुढे दोन वर्षांनी त्याने स्वतःचा दर वाढवून मागितला. "कसं परवडणार?" मालक म्हणाला, "जागा लहान आहे हो." तेही पटलं. दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर मिळालंय हे त्याच्या लक्षात आलं, पण तोवर तो बसमध्ये बसला होता आणि बस सुटली होती. फुकट पासाचा विषय त्याने एकदाच काढला. "तुम्ही तर घरचे," मालक गहिवरून म्हणाला. "घरचेच बसले, तर बाहेरच्यांना कुठे बसवू?"

पण या वेळी म्हातारा येणार होता. म्हातारा म्हणजे एकोणऐंशी वर्षांचा पियानोवाला. एरवी तो तीन हजार माणसांच्या सभागृहात वाजवायचा. तिथे तिकीट स्वस्त असायचं आणि म्हातारा अंगठ्याएवढा दिसायचा. आता हा शेवटचा दौरा, तीन संध्याकाळी लहान जागेत वाजवायचंय, असं त्याने जाहीर केलं होतं. लग्नानंतर पहिल्या भाड्याच्या खोलीत ट्यूनरकडे एक गादी आणि एक रेडिओ होता. त्या रेडिओवर हाच म्हातारा, तेव्हा तरुण, दर रविवारी लागायचा. बायकोने गादी कधीच टाकून दिली होती. रेडिओ अजून कपाटावर होता.

"माझी एकच अट," बायको म्हणाली. "त्या संध्याकाळी तुम्ही गिऱ्हाईक. शेजारी बसायचं आणि ऐकायचं. ती किल्ली घरी ठेवायची."

"अगं, कार्यक्रमाला किल्ली कोण नेतं?"

"तुम्ही. माझ्या भाचीच्या लग्नात नवरी स्टेजवर उभी होती आणि तुम्ही हॉलच्या पियानोत डोकं घालून बसला होतात."

"तो फार बेसूर होता."

"नवरा पण होता. त्याला कुणी उघडून बघितलं नाही."

ट्यूनरने शब्द दिला. मग वीतभर लांबीची, खुंट्या पिळायची किल्ली त्याने कोटाच्या आतल्या खिशात टाकली. वापरायची नव्हतीच. नुसती जवळ असावी, एवढंच.

खर्च तिकिटावर थांबेल, हा समज दारातच गळून पडला. कोट जमा करायचे पैसे वेगळे होते. खिशात किल्ली असल्यामुळे ट्यूनर म्हणाला, "राहू दे, मला थंडी वाजते." तळघरात अठ्ठेचाळीस माणसं आणि सहा दिवे होते. पाचव्या मिनिटाला त्याच्या कानामागून घामाची धार लागली. खुर्च्या खांबामागे होत्या. तिकिटावर बारीक अक्षरात 'अंशतः दृश्य' असं छापलेलं होतं. तो अंश म्हणजे म्हाताऱ्याचा डावा बूट.

"बूट छान आहे," बायको म्हणाली. ती खरंच खूश होती.

वेटर आला. "माणशी किमान दोन पेयं घ्यावी लागतात."

"आम्हाला तहान नाही," ट्यूनर म्हणाला.

"तहानेचा संबंध नाही, साहेब. नियम आहे."

"साधं पाणी धरता का त्यात?"

"धरतो. बाटलीचं. भाव तोच."

"मग सरबत आणा," बायको म्हणाली. "चार. पाण्याचे एवढे पैसे द्यायचे तर निदान रंग तरी हवा."

आणि मग म्हातारा वाजवायला लागला.

पहिली दहा मिनिटं ट्यूनर सगळं विसरला. बावीस वर्षं आपण ज्याचे दात घासत होतो तो प्राणी असा बोलतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं. बायकोने त्याच्या कोटाच्या बाहीवर हात ठेवला. इतक्या वर्षांत एकदा तरी सगळं जिथल्या तिथे आहे, असं त्याला वाटलं. अकराव्या मिनिटाला एक तार उतरली.

पियानोच्या मधल्या प्रत्येक पट्टीला तीन तारा असतात. तिन्ही एका सुरात असल्या तर एकच आवाज येतो. एक जरा उतरली की सूर थरथरतो, रडवेला होतो. दुपारी तीनला तळघर थंड होतं, आता भट्टी झाली होती. कुठली तार, कुठली खुंटी, किती उतरली, हे सगळं ट्यूनरला जागेवर बसून कळलं. दुसऱ्या कुणालाही काही कळलं नाही. उलट लोक डोळे मिटून डोलायला लागले. म्हातारा पुन्हा पुन्हा त्याच पट्टीवर येत होता, आणि दर वेळी ट्यूनरला दाढेत खडा आल्यासारखं होत होतं.

"रडताय?" बायकोने हळूच विचारलं.

"घाम आहे."

"रडलात तरी चालेल हो. इथे अंधार आहे."

मध्यंतर झालं. वीस मिनिटं. पियानो तसाच उघडा पडला होता आणि त्यात ती तार होती. ट्यूनरने तीन मिनिटं दम धरला.

"हात धुऊन येतो," तो म्हणाला.

मंचाजवळ वेटरने त्याला अडवलं. "पाहुण्यांना पुढे जाता येत नाही, साहेब."

"मी ट्यूनर आहे."

"तिकीट आहे ना तुमच्याकडे? मग पाहुणे."

यात तर्क होता. ट्यूनर पुढच्या दाराने बाहेर पडला, इमारतीला वळसा घालून मागच्या दाराशी आला आणि क्रेट ओलांडून आत शिरला. स्वयंपाक्याने मान वर केली. "आज उशिरा का?" एवढंच तो म्हणाला. या बाजूने येणाऱ्याला कोणी अडवत नसे. ट्यूनर मंचावर गेला, त्याने किल्ली काढली, वाकला, आणि अर्ध्या मिनिटात तार जागेवर आणली. पहिल्या रांगेतल्या एका बाईने त्याला बर्फ मागितला. ज्या खांबाने बायकोला म्हातारा दिसू दिला नव्हता, त्यानेच नवराही दिसू दिला नाही. खांबाचे पैसे वसूल झाले, असं ट्यूनरला वाटलं.

आता नुसतं परत जाऊन बसायचं होतं. पण मघाच्याच वेटरने आता त्याला स्वयंपाकघराच्या बाजूने येताना पाहिलं. "कामगारांनी कार्यक्रमात हॉलमध्ये यायचं नाही."

"अरे, मघाशी मी पाहुणा होतो ना?"

"मघाशी होतात."

ट्यूनर पुन्हा वळसा घालून पुढच्या दाराशी गेला. दारावरच्या पहिलवानाने त्याचं फाटलेलं तिकीट उलटसुलट करून पाहिलं. "बाहेर गेलात की तिकीट संपलं. मागे लिहिलंय."

"एवढं बारीक कोण वाचणार?"

"कागद लहान आहे," पहिलवान म्हणाला.

म्हणून दुसरं सत्र सुरू झालं तेव्हा सात वेळा पियानो लावण्याइतके पैसे मोजलेला माणूस मागच्या बोळात क्रेटवर बसून भिंतीपलीकडचं ऐकत होता. त्याच्या हक्काच्या खुर्चीत बायकोची पर्स बसली होती. म्हाताऱ्याने मघाचीच चाल धरली. हळूहळू त्या पट्टीकडे आला. ती वाजवली. थांबला. पुन्हा वाजवली. सूर स्वच्छ लागला, काचेसारखा. ट्यूनरने समाधानाने डोळे मिटले.

"कोणी केलं हे?" म्हाताऱ्याचा आवाज आला.

हॉलमधल्या माना एकमेकांकडे वळल्या.

"इथे मघाशी एक सूर होता. रडत होता. साठ वर्षांत मला असा सूर मिळाला नव्हता. अख्खा कार्यक्रम मी त्याच्यावर उभा केला. मी चहा प्यायला काय गेलो, कोणी तरी त्याचे डोळे पुसून ठेवलेत. कोण तो गाढव?"

खांबाआडून एक बाईमाणसाचा आवाज आला. त्यात आश्चर्य अजिबात नव्हतं. "आमचे हे असतील."

पुढच्या मिनिटाला मालक बोळात धावत आला. त्याच्या चेहऱ्यावर अठ्ठेचाळीस तिकिटांचा परतावा दिसत होता. "अहो, तुम्हाला कोणी सांगितलं होतं? बिघडवा ते! आहे तसं बिघडवा!"

ट्यूनर मंचावर गेला. बावीस वर्षांत प्रथमच खुर्च्या सुलट होत्या आणि त्यांवर माणसं होती. "थोडं उतरवायचं," म्हातारा म्हणाला. "मघाइतकंच. जमेल?"

मघाइतकंच म्हणजे किती, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. त्याने किल्ली खुंटीवर बसवली. आजवर त्याने कुठलीच तार मुद्दाम बिघडवली नव्हती. त्याने केसभर सैल केली. म्हाताऱ्याने पट्टी दाबली आणि मान हलवली. आणखी अर्धा केस. म्हाताऱ्याने पट्टी दाबली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ट्यूनरच्याही आलं, कारणं निराळी होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात त्याच्या कामाला मिळालेल्या या पहिल्या टाळ्या, आणि त्या सूर बिघडवल्याबद्दल. मग वेटरने त्याला अदबीने बोळात नेऊन सोडलं. नियम होता.

घरी जाताना बसमध्ये बायकोने दोघांच्या मध्ये पर्स ठेवली. चार सरबतं तिने एकटीने संपवली होती.

"छान वाजवलं," ती म्हणाली. "एकटीने ऐकायचं असतं तर रेडिओ होताच की घरी."

 ट्यूनरने खिशातून किल्ली काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

सकाळी अकराला मालकाचा फोन आला. आवाजात लोणी होतं. "रात्रीत तळघर थंड झालं आणि तो सूर गेला. म्हातारा म्हणतो, आज आणि उद्याही तोच सूर हवा. तसाच. नाहीतर वाजवत नाही म्हणतो. दुसरा एक ट्यूनर बोलावून बघितला. त्याला नीट करता येतं, पण असं बिघडवता येत नाही. तुम्ही याल ना? नेहमीच्या दराने?"

ट्यूनरने बायकोकडे पाहिलं. ती रेडिओवरची धूळ पुसत होती, एकाच जागची, बराच वेळ.

"नेहमीच्या दराने जमणार नाही," तो म्हणाला. "सातपट पडतील. आणि दोन खुर्च्या. खांबापुढच्या."

"सातपट? दीड केसाचं तर काम आहे!"

"म्हणूनच," ट्यूनर म्हणाला. "काम लहान आहे हो."

"या," पलीकडून आवाज आला. मालकाला पटलं असावं.

त्या संध्याकाळी ट्यूनर आणि त्याची बायको पहिल्या रांगेत बसले. म्हातारा हाताच्या अंतरावर होता, दोन्ही बूट दिसत होते. म्हातारा त्या सुरावर आला, तसा सबंध हॉल डोळे मिटून डोलायला लागला. ट्यूनरच्या दाढेत खडा आला. त्याचा हात आपोआप कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला.

खिसा रिकामा होता. दुपारचं काम झाल्यावर किल्ली बायकोच्या पर्समध्ये गेली होती आणि पर्स तिने दोन्ही हातांनी मांडीवर गच्च धरली होती.

"ऐका," ती समोर बघत म्हणाली.