इरल्याखालचा कॅमेरा

पाऊस कोसळायला लागला की आमचे शेजारी रामजीकाका इरलं घेऊन बाहेर पडतात आणि चिंब भिजून परत येतात. इरलं असतं कॅमेऱ्यावर. शेताच्या बांधावर स्टँड, त्यावर कॅमेरा, वर प्लास्टिकची पिशवी, तिच्यावर इरलं. लांबून कुणी म्हातारी उभी आहे असंच वाटतं. भाताची आवणी करणाऱ्या बायका मुद्दाम हाक मारतात, "ए म्हातारे, घरी जा, वाहून जाशील!"

"काका, डोक्यावर काहीतरी घ्या," मी एकदा म्हणाले.

"मी वाळतो गं बाय. हा वाळत नाही."

काकांनी डहाणूच्या एका स्टुडिओत उमर घालवली. लग्नातल्या नवऱ्यांना म्हणे दम द्यायचे, "श्वास सोड, फोटो आहे, फाशी नाही!" आता माणसांचे फोटो बंद. फक्त समोरचा डोंगर, तोही मुसळधार पावसात.

"उघडिपीत काढा की. साफ येईल."

"उघडिपीत धबधबा असतो का?"

डोंगराच्या पायथ्याशी काकीचं माहेर. तिथला धबधबा जोराच्या पावसातच उतरतो. "दरवर्षी म्हणते, एक फोटो काढा. म्हणतात, कॅमेरा भिजेल," असं काकीच मला हसत सांगायची. ती गेल्याला दोन पावसाळे झाले. दोन्ही वेळा डोंगर ढगातच राहिला.

यंदा काकांचं छप्पर गळायला लागलं. कॅमेरा माझ्याकडे दिला. "दोन दिवस सांभाळ. कोरड्यात ठेव."

आमच्याकडे कोरडी जागा एकच, चुलीवरचा माळा. बियाणं तिथेच टिकतं, धुरानं कीड लागत नाही. काकडीच्या बियांशेजारी मी कॅमेरा टांगला. स्वतःच्या अकलेचं कौतुकही केलं.

तिसऱ्या दिवशी धो धो पाऊस, आणि ढग वर उचलले. काका कॅमेरा घेऊन धावले, मी इरलं घेऊन मागे. धबधबा वरून खालपर्यंत पांढरा दिसत होता. काकांनी काच पुसली, फुंकली, पुन्हा पुसली. चुलीचा धूर काचेच्या आत शिरला होता. फोटोत नुसता करडा पडदा आला. तेवढ्यात ढग परत खाली बसले.

चूक माझी, एवढंच सांगायचं होतं. आधी रडूच फुटलं. काकांनी कॅमेरा नाकाशी नेला.

"कुठे ठेवला होतास?"

"चुलीवर."

ते डोंगराकडे बघत राहिले. इरलं माझ्या हातातच होतं. त्यांनी ते घेऊन माझ्या डोक्यावर ठेवलं.

"रडू नको, बाय. तू दोन दिवस कोरडा ठेवलास. मी तीस वर्षं ठेवला."