गोलाचा खांब चालू लागला तेव्हा

तातेरावांची नजर म्हणजे ताणलेली दोरी! गोरेगावात कुणाच्याही बांधाचा तंटा असो, ते रेघ आखून देत आणि ती रेघ दोन्ही बाजू मानत. येत्या सोमवारी संतराम आणि रामकिशन या सख्ख्या भावांचा सहा वर्षांचा तंटा ते मिटवणार होते. म्हणून गाव आणि तांडा यांच्यात फुटबॉलचा सामना ठरला, तेव्हा पंच कोण हे कुणी विचारलंसुद्धा नाही. तातेरावांनी हिंगोली स्टेशनावरच्या मेव्हण्याकडून शिट्टी मागवली आणि बायकोला, शकुबाईंना, बजावलं, "आज न्याय कसा असतो ते दुनिया पाहील!"

अडचण एकच निघाली. तांड्याच्या बाजूच्या गोलाला एकीकडे बाभळीचं झाड होतं; दुसरीकडचा खांब कुणीतरी लग्नाच्या मांडवाला नेला होता.

"खांब काहून पाहिजे?" तांड्याचा गोलरक्षक भीमसिंग म्हणाला. "माझा राजा उभा करतो. दावं नको, खुंटा नको. जागचा हलला तर नाव बदला!"

झाडापासून आठ पावलं मोजून राजा बैल उभा राहिला, झाडाकडे शेपूट करून. त्यानं लगेच तिथं शेण टाकलं, म्हणजे जागेवर जणू मोहोरच उमटली. भीमसिंग त्याच्याकडे पाठ करून गोल राखू लागला.

शेवटी शेवटी गावाच्या पोरानं चेंडू मारला. तो बैलाच्या शेपटीला घासून आतून गेला. तातेरावांनी शिट्टी फुंकली. गोल! थोड्याच वेळात खेळ संपला. गाव एक गोलानं जिंकलं.

गुलाल उडायच्या आत संतराम शेणाशी जाऊन उभा राहिला.

"तातेराव, चेंडू शेणाच्या बाहेरून गेला. पाच पावलं बाहेरून!"

"पण बैलाच्या आतून गेला!" रामकिशन ओरडला. "खांब बैल हाय का शेण?"

"आरं, शेण खोटं बोलत न्हाई. बैल हलला!"

"तू गावाचा हायस का तांड्याचा?"

"मी रेघेचा हाय!"

दोघं भाऊ जिंकलेल्या एकाच गावाचे. तरी बघता बघता अर्धं गाव शेणाच्या बाजूनं झालं आणि अर्धं बैलाच्या. तातेरावांना भावांचा बांध आठवला. आठ पावलांची रेघ ज्याला राखता येत नाही, त्याला सोमवारी शेतात कोण उभं करील?

"माझा राजा हलत न्हाई!" भीमसिंग म्हणाला, पण शेण पाहून त्याचा आवाज उतरला होता. बैल शेणापासून चांगला सात पावलं पुढे, शांतपणे रवंथ करत होता.

"गप बसा सगळे!" असं म्हणून तातेरावांनी जोरात शिट्टी फुंकली.

राजानं एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबला.

भीमसिंगनं कपाळावर हात मारला.

"आमी गोण्या लादताना एक शिट्टी मारतो, अन् बैल एक पाऊल पुढं येतो. माझ्या बापानं लावलेली सवय हाय. तुमी खेळात किती शिट्ट्या मारल्या?"

तातेराव बोटांवर मोजू लागले. खेळ सुरू झाला, एक. कुत्रं मैदानात आलं, दोन. धोतर फिटलं, तीन. पुन्हा फिटलं, चार. धक्काबुक्की, पाच. गोल, सहा. खेळ संपला, सात.

संतरामनं खुरांचे ठसे मोजले. सातच होते, आणि आताचा एक.

"बघा!" भीमसिंगची छाती फुगली. "एका शिट्टीचीबी कसूर न्हाई!" जिंकल्यासारखा तो राजाला घेऊन तांड्याकडे निघाला.

संतराम आणि रामकिशन यांनी आधी तातेरावांच्या शिट्टीकडे आणि नंतर एकमेकांकडे पाहिलं. मग रामकिशन हळूच म्हणाला, "दादा, सोमवारी आपला बांध आपणच घालू."

"व्हय," संतराम म्हणाला. "दोघंच जाऊ. तातेराव, तुमी तकलीफ घेऊ नका."

सहा वर्षांत पहिल्यांदाच ते एका वाटेनं घरी गेले.

तातेराव घरी आले. शिट्टी कोनाड्यात, अगदी मागे सारली.

"काय झालं?" शकुबाईंनी विचारलं.

"संतराम-रामकिशनचा तंटा मिटला."

"अगंबाई! तुमी मिटवला?"

"व्हय," तातेराव खाली बघत म्हणाले. "आठ शिट्ट्यांत."