तीन खाती आणि एक म्हैस

माणूस एकच असला, तरी त्याच्या नोंदी अनेक असाव्यात. संस्थेचा दर्जा त्यावरच ठरतो. घोटावड्याच्या दूध संस्थेने १९८७ साली संगणक आणला, तो हाच दर्जा गाठण्यासाठी.

पुण्याहून आलेल्या टायवाल्या गृहस्थांनी दूध, पेंड आणि जनावरांचा दवाखाना असे संगणकाचे तीन स्वतंत्र भाग बसवले. वर एक आगाऊ सल्लाही दिला : प्रत्येक सभासदाला एकच क्रमांक द्या, तोच तिन्ही भागांत चालेल. संचालक मंडळाने हा सल्ला एकमताने फेटाळला. (मंडळाच्या इतिहासातले हे पहिलेच एकमत.) "सख्ख्या भावांच्यासुद्धा चुली वेगळ्या असत्यात," चेअरमन हैबतराव म्हणाले, "मग खात्यांच्या का नसाव्यात?"

तेव्हापासून दूध खाते माणसाला किटलीच्या नंबरावरून ओळखू लागले, पेंड खाते आडनावावरून आणि दवाखाना जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावरून. तिन्ही भाग बिनचूक चालत. वीज असली की फारच बिनचूक. ते एकमेकांशी जुळवून पाहण्याचा अविचार तेवढा कुणी करू नये, एवढीच अपेक्षा होती.

तो अविचार सेक्रेटरी नसीरभाईंच्या वाट्याला आला. रिहे गावच्या सारजाबाई भर दुपारी धापा टाकत हपिसात शिरल्या.

"नसीरभाऊ, म्हस अडलीया. वासराचा पाय भाईर आलाय. डाक्टर धाडा."

संगणक आल्यापासून त्याने छापलेल्या चिठ्ठीशिवाय डॉक्टरांची मोटारसायकल हलत नसे. नसीरभाईंनी बिल्ला विचारला.

"तो झुडपात अडकून पडला. कान फाटला तिचा."

किटलीचा नंबर घातला. दवाखान्याला किटली ठाऊक नव्हती. नाव घातले, तर रिह्याच्या जनावरांपुढे नुसते बिल्ले, मालकांची नावे नाहीतच; एकच सारजाबाई निघाल्या, त्याही सूस गावच्या, आणि त्यांच्याकडे शेळी. नसीरभाई हैबतरावांकडे गेले. ते म्हणाले, "बिल्ला न्हाई म्हंजे जनावर न्हाई. नियम हाय."

सारजाबाई दारातूनच म्हणाल्या, "म्हस काय कानानं व्यायची हाय व्हय?"

या प्रश्नावर नियमांत तरतूद नव्हती. नसीरभाईंच्या घरीही म्हैस होती आणि अडलेल्या म्हशीचा डोळा त्यांनी पाहिलेला होता. हैबतराव चहाला उठले तशी त्यांनी सूसच्या शेळीच्या नावाने चिठ्ठी छापली आणि डॉक्टरांच्या हातात दिली.

"रिह्याला जा."

"यावर शेळी लिहिलीये. सूसची."

"शेळीच समजा. पण हात कोपरापर्यंत घालावा लागंल."

दिवस मावळायच्या आत म्हैस सुटली. धडधाकट रेडी झाली. नसीरभाईंना त्या दिवशी पहिल्यांदा संगणकाबद्दल माया वाटली.

डॉक्टर प्रामाणिक होते. चिठ्ठीवर त्यांनी लिहिले : 'रेडी, एक. आई सुखरूप.' संगणकाने ते निमूट स्वीकारले, कारण जनावरांची यादी आणि जन्मांची यादी यांची एकमेकींशी ओळखच नव्हती. महिनाअखेरीचा अहवाल वर गेला : सूस येथील शेळीस रेडी झाली.

वरून चौकशी येईल म्हणून नसीरभाई धास्तावले होते. आले ते अभिनंदन. मागोमाग एक जीप आली आणि सूसच्या शेळीला हार घालून गेली. (हार शेळीने खाल्ला.) हैबतरावांना 'संकरभूषण' म्हणून शाल मिळाली.

नसीरभाईंना राहवेना. "साहेब, ती शेळी न्हाई. म्हैस हाय."

"कुठल्या खात्यात?"

"रिह्यात."

"रिहे हे खातं न्हाई, नसीरभाई." हैबतरावांनी शाल नीट केली. "आणि रेडी कशी हाय?"

"लई झ्याक. उड्या मारतीया."

"मग तुमची तक्रार काय?"

नसीरभाईंनी बराच विचार केला. तक्रार सापडली नाही.

पुढे त्या शेळीची माहितीपत्रिका निघाली, फोटोसकट. ती वाचून जिल्ह्यात कुणीच हसले नाही. शिकल्यासवरल्या वाचकांची बरीच पत्रे मात्र आली. त्यांतल्या एकानेही 'हे कसे शक्य आहे' असे विचारले नव्हते. आपल्या शेळीचा नंबर कधी लागेल, एवढेच सगळ्यांनी विचारले होते. तुमचे पत्र कदाचित टपालात गहाळ झाले असावे.